टाइप वन डायबिटीस घेऊन वर्षभरासाठी परदेशी जाताय? ठाण्यातून निघण्याआधी हे वाचा

दर पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांमधून शिकायला, ऑनसाइटला जाणाऱ्यांच्या बॅगा भरल्या जातात. त्यात टाइप वन, म्हणजे रोज इन्सुलिन टोचून घ्यावंच लागतं असा मधुमेह, असलेली मुलंमुलीही असतात, आणि त्यांच्या घरून पहिला प्रश्न हमखास तोच येतो: "सिक्युरिटीत इन्सुलिन अडवतील का हो?" नाही अडवत. विमानप्रवास हा यातला सोपा भाग आहे. अवघड असतात ते उतरल्यानंतरचे पहिले दोन महिने. नौपाड्यातला ओळखीचा केमिस्ट तिथे नसतो, तिथला डॉक्टर अजून मिळालेला नसतो, आणि इन्सुलिन तर दिवसातून चार वेळा लागतंच. ही मधली फट भरायची आहे, असं धरूनच खालची सगळी तयारी करा. डोसचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचे. इथले आकडे फक्त हिशेब कसा मांडायचा ते दाखवायला आहेत.

पायरी १: तीन महिने आधी डॉक्टरांकडे

नेहमीच्या ओपीडीत दहा मिनिटांत हे उरकणार नाही. वेगळी वेळ मागून घ्या आणि आधीच सांगा की वर्षभरासाठी बाहेर जातोय. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन, थायरॉइड, हे सगळं इथेच करून घ्या. दातही दाखवून घ्या. बऱ्याच देशांत दातांचा खर्च नेहमीच्या विम्यात बसत नाही, आणि दाढ दुखायला लागली की शुगर चढते.

या भेटीत दोन प्रश्न नक्की विचारायचे आहेत. पहिला मिक्स इन्सुलिन (जलद आणि संथ एकत्र) घेणाऱ्यांसाठी. मिक्सटार्ड किंवा तशा प्रकारात सकाळ-संध्याकाळ ठरलेला डोस असतो आणि त्यामागे ठरलेल्या वेळचं जेवण. तिथे लेक्चर, पार्ट-टाइम काम, बस चुकणं यात जेवणाच्या वेळेचा काही भरवसा नसतो. बेसल-बोलसवर (दिवसभर पुरणारं संथ बेसल वेगळं आणि दर जेवणाचं जलद वेगळं) जायचं का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. नवीन पद्धत अंगवळणी पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि ते महिने आईच्या हातचं जेवत काढलेले बरे.

दुसरा प्रश्न व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज, वापरणाऱ्यांचा, आणि हा खरोखर धोक्याचा आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या ह्यूमन इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायल यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात मिळतं ते यू-१००, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. इथली लाल सिरिंज सोबत नेली आणि तिथली व्हायल त्यात भरली, तर १० च्या खुणेपर्यंत ओढल्यावर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. अडीचपट! उलट केलं, म्हणजे इथली व्हायल आणि तिथली सिरिंज, तर १० च्या जागी ४ युनिट जातात आणि दोन दिवसांत कीटोनची (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणाऱ्या आम्लांची) पाळी येते. त्यामुळे जायच्या आधी इन्सुलिन पेनवर या. पेनची नेहमीची काडतुसं इथेही यू-१००च असतात. व्हायलच न्यायची असेल तर तिच्या सिरिंज शेवटपर्यंत पुरतील इतक्या न्या आणि तिथे गेल्यावर कशाचीही सरमिसळ करू नका.

पायरी २: औषधाचं खरं नाव

बासालॉग, ग्लॅरिटस ही आपल्या कंपन्यांची नावं टोरांटोच्या फार्मसीत कोणी ऐकलेली नसतात. दोन्हींच्या आत आहे ग्लार्जिन. नोव्होरॅपिड म्हणजे अस्पार्ट, आणि अमेरिकेत तेच नोव्होलॉग नावाने मिळतं. ह्युमालॉग म्हणजे लिस्प्रो. ट्रेसिबा म्हणजे डेग्लुडेक. ही मूळ नावं पाठ करा आणि प्रिस्क्रिप्शनवरही तीच लिहून घ्या, ब्रँड कंसात असला तरी चालेल. टुजिओ हेही ग्लार्जिनच, पण तिप्पट तीव्रतेचं. तिथे कोणी त्याऐवजी साधं ग्लार्जिन दिलं तर डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पायरी ३: किती न्यायचं

जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचं औषध सोबत नेता येतं. जपानची गोष्ट वेगळी. तिथे साधारण एक महिन्यापलीकडचं न्यायचं तर निघण्याआधी परवानगी काढावी लागते, आणि टोचून घ्यायची औषधंही त्यात धरतात. माझा हिशेब असा असतो: तिथला डॉक्टर आणि विमा मार्गी लागायला दोन महिने धरायचे, त्याच्या दीडपट न्यायचं. म्हणजे बरोबर नव्वद दिवस. नियमातही बसतं आणि गाठीला राखीवही राहतं.

आता आकडेमोड. समजा रोजचं जलद इन्सुलिन २५ युनिट तीन वेळांत आणि रात्री २० युनिट बेसल. हा हिशेब करताना बहुतेक जण प्रायमिंग विसरतात. दर टोचणीआधी २ युनिट हवेत सोडायची असतात. म्हणजे जलद झालं रोजचं ३१, नव्वद दिवसांचं २७९०. एका काडतुसात ३०० युनिट, म्हणजे १० काडतुसं. बेसल रोजचं २२, नव्वद दिवसांचं १९८०, म्हणजे ७ काडतुसं. प्रायमिंग धरलं नसतं तर आकडा ८ आणि ६ आला असता आणि शेवटच्या आठवड्यांत धावपळ झाली असती. सुया रोज चार, म्हणजे ३६०. लिब्रेचा सेन्सर (दंडावर चिकटवायचा, शुगर सतत दाखवणारा) १४ दिवस चालतो, म्हणून ७. शिवाय एखादा सुटतो, एखादा दाराच्या चौकटीला घासून निघतो, तेव्हा आणखी २. सेन्सर असला तरी ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप हव्यातच. मीटरला लागणारी बटणसेल, पेनचा जादा नग आणि कीटोनच्या स्ट्रिपही यादीत घ्या. इन्सुलिन पंप (अंगावर लावलेलं, इन्सुलिन सोडत राहणारं यंत्र) असेल तरी पेन आणि बेसल इन्सुलिन सोबत हवंच. पंपाच्या सगळ्या सेटिंग कागदावर लिहून ठेवा, कारण पंप बिघडला की त्या त्याच्यातच अडकतात.

सेन्सरचं ॲप देशानुसार वेगळं असू शकतं. इथल्या खात्याला तिथला सेन्सर जोडला जाईल का, हे कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी विचारा. वेगळा रीडर असेल तर तोही न्या.

खरेदी एकदम करू नका. केमिस्टला पंधरा दिवस आधी यादी द्या आणि लांबच्या एक्सपायरीचा माल मागवायला सांगा. पक्कं बिल घ्या. "नंतर कुरियरने पाठवू" हा बेत मनातून काढून टाका. वाटेत थंडावा टिकत नाही, कस्टम्समध्ये पार्सल अडकतं, आणि जर्मनीसारख्या देशात तर युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसाला टपालाने औषध मागवायला परवानगीच नाही.

पायरी ४: कागद

डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, आडनावासकट. टाइप वन डायबिटीस असल्याचं स्पष्ट विधान. प्रत्येक इन्सुलिनचं मूळ नाव, रोजचा कमाल डोस, नव्वद दिवसांना लागणारी काडतुसं आणि सुया. सेन्सर किंवा पंप असेल तर तो अंगावरून काढता येत नाही, असं एक वाक्य. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. प्रिस्क्रिप्शन वेगळं. तीन प्रती काढा: एक पासपोर्टसोबत, एक औषधांच्या पिशवीत, एक फोनमध्ये. औषधं त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवा. जागा वाचवायला खोकी फेकून काडतुसं डब्यात भरणारे असतात, पण कस्टम्सचा अधिकारी लेबल शोधतो.

पायरी ५: विमा, इथे घाई नको

इथून घेतलेल्या प्रवास विम्यात आधीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो, फार तर जिवावरचं संकट तेवढं धरतात. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका. लपवलेलं उघड झालं तर क्लेम फेटाळला जातो आणि हॉस्पिटलचं बिल आपल्या गळ्यात पडतं.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४ पासून तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे. रडत रडत भरला तरी टाइप वनसाठी तो फायद्याचाच. एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, दारं उघडतात, आणि इंग्लंडमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना प्रिस्क्रिप्शनचे पैसे माफ असतात. त्यासाठी डॉक्टरांकडून एफपी९२ए हा फॉर्म भरून घ्यायचा. सेन्सरसुद्धा तिथल्या मार्गदर्शक सूचनांनुसार टाइप वनच्या सगळ्यांना देऊ करायचा असतो.

जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा मिळतो. त्यात दर औषधामागे साधारण ५ ते १० युरो आपले. इथे एक सापळा आहे. स्वस्त खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितली, तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परतता येत नाही. आणि खासगी कंपनी टाइप वन म्हटल्यावर हात झटकू शकते. एजंट काहीही म्हणो, ती सूट घेऊ नका. तिशी उलटलेल्यांनी प्रवेश घेण्याआधीच या गोष्टीची चौकशी करावी.

अमेरिकेत विद्यापीठाचा विमा महाग वाटतो म्हणून बाहेरचा स्वस्त घ्यायचा मोह होतो. जुना आजार वगळला आहे का, वजावट (विम्याआधी आपण भरायची रक्कम) किती, इन्सुलिन आणि सेन्सर यादीत आहेत का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. इन्सुलिनच्या किमती तिथे २०२३ नंतर बऱ्याच खाली आल्या. लिली कंपनीची जेनेरिक लिस्प्रो व्हायल २५ डॉलरवर आली. पण डॉक्टर, सेन्सर, इमर्जन्सी यांचं बिल तसंच आहे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी विम्यात जुन्या आजारासाठी हॉस्पिटलचा बारा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. स्ट्रिप, सुयांवरची सरकारी सवलत मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) असलेल्यांनाच.

पायरी ६: बॅग आणि थंडावा

एक नियम, अपवाद नाही: इन्सुलिन चेक-इन बॅगेत जात नाही. तिथे ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळून दिसायला ठीक वाटलं तरी फेकायचं. केबिनमध्येही ते चाकांच्या ट्रॉलीत नको, पाठीवरच्या सॅकमध्ये हवं. विमान भरलेलं असलं की ट्रॉली दारातच काढून घेतात आणि खाली टाकतात. सोबत कोणी असेल तर निम्मा साठा त्याच्या सॅकमध्ये.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात घेतलेलं ३० अंशांच्या आत बहुतेक प्रकारांत २८ दिवस टिकतं, ट्रेसिबा ८ आठवडे. केबिनमधली हवा इन्सुलिनला मानवते. खरा धोका त्याआधीचा आहे: मे महिन्यात घोडबंदर रोडला अडकलेली गाडी आणि डिकीत ठेवलेली बॅग. औषधांची सॅक मांडीवर घ्या, एसी लावा. पाण्यात भिजवून वापरायचे फ्रिओसारखे पाऊच मिळतात, ते लांबच्या प्रवासाला उत्तम, कारण बर्फच लागत नाही. मात्र दमट हवेत ते तेवढे गार होत नाहीत, आणि आपल्या हवेत दमटपणाला तोटा नाही. घरून विमानतळापर्यंत जेल पॅकच बरा. तो आणि काडतुसं यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा, चिकटून राहिलं तर इन्सुलिन गोठतं. दुबई-दोहाला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते. तोवर पॅक वितळलेला असतो आणि त्यावर प्रश्न येऊ शकतात, तेव्हा पत्र वरच्या कप्प्यात.

हायपो म्हणजे शुगर फार खाली जाणं. त्याचं सामान वेगळ्या खिशात. घरचे चिक्की आणि बेसनाचे लाडू कोंबतात. प्रेम कळतं, पण शुगर ७० च्या खाली गेल्यावर त्यांचा उपयोग नाही. तूप, दाणे साखरेला अडवतात आणि ती उशिरा चढते. साधी साखर, ग्लुकोजच्या गोळ्या किंवा ग्लुकॉन-डी. १५ ग्रॅम घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अमेरिकेला जाताना ३५० मिलिलिटरच्या वरची पावडर वेगळी तपासतात, म्हणून ग्लुकॉन-डीचा मोठा डबा चेक-इनमध्ये आणि हातात छोट्या पुड्या.

पायरी ७: विमानतळ आणि विमान

डिसेंबर २०२५ पासून उलव्याचं नवी मुंबई विमानतळही सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर सहार (मुंबई) की उलवे हे आधी बघा. रांगेत लागलात की स्वतःहून सांगा: इन्सुलिन, सुया आहेत, पत्र आहे. औषधांची पिशवी ट्रेमध्ये वेगळी ठेवा. एक्स-रेमधून इन्सुलिन गेलं तर काही होत नाही. सेन्सर आणि पंपाचं तसं नाही. मेटल डिटेक्टरची चौकट चालते, पण फुल-बॉडी स्कॅनर आणि बॅगेचं एक्स-रे मशीन टाळा, हाताने तपासा म्हणा. आपल्याकडे जवान हाताने तपासतातच, स्कॅनरची गाठ बहुधा पुढच्या विमानतळावर पडते.

विमानात डायबेटिक मील मागवता येतं. मला ते पटत नाही. बऱ्याचदा ते वजन कमी करायला बसलेल्या टाइप टूच्या माणसाचं जेवण वाटतं: उकडलेल्या भाज्या आणि कार्ब (कर्बोदकं) जेमतेम. साधं शाकाहारी घ्या आणि कार्ब मोजा. डोस मात्र ट्रे समोर आल्यावरच. ट्रॉली तीन रांगा पुढे दिसली म्हणून टोचून घेतलं आणि तेवढ्यात सीटबेल्टचा दिवा लागला, की ट्रॉली मागे जाते आणि तुम्ही हायपोची वाट बघत बसता. इन्सुलिन एअर होस्टेसकडे फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नका, उतरताना हमखास विसरतं.

पायरी ८: घड्याळ

जेवणाचं इन्सुलिन जेवणासोबत, त्याला देशाचं घड्याळ लागत नाही. गोंधळ बेसलचा होतो. ठाण्यात रात्री १० ला ग्लार्जिन घेत असाल, तर उन्हाळ्यात जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतात, टोरांटोत दुपारचे साडेबारा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, दोन डोसांत फट पडते आणि शुगर चढते. पूर्वेला, म्हणजे सिडनीकडे, दिवस आखूड होतो, डोस एकावर एक येतात आणि हायपोची भीती. बरेच डॉक्टर पहिले काही दिवस ठाण्याच्याच वेळेला बेसल चालू ठेवायला सांगतात, मग रोज थोडं थोडं सरकवत रात्रीवर आणतात. कोणी मधला एक डोस विभागून देतात. ट्रेसिबाला जास्त सवलत आहे, दोन डोसांत किमान ८ तास ठेवले की चालतं. तुमच्या तिकिटाच्या वेळा डॉक्टरांसमोर ठेवा आणि कुठल्या घड्याळाला किती, असं कागदावर लिहून घ्या. फोनचा गजर आपोआप स्थानिक वेळेला सरकतो, तेव्हा मनगटावरचं घड्याळ एक आठवडा ठाण्याचंच ठेवा. पहिल्या रात्री तीनचा गजर लावून शुगर बघा. दिवसभर बॅगा ओढलेल्या असतात, जेवण धड झालेलं नसतं.

पायरी ९: उतरल्यावर

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर मिलिमोलमध्ये मोजतात. त्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो: ३.९ म्हणजे ७०, १० म्हणजे १८०. तिथल्या नर्सने "फिफ्टीन" म्हटलं तर ती २७० बद्दल बोलतेय, हायपोबद्दल नाही. एचबीए१सीसुद्धा ब्रिटनमध्ये वेगळा लिहितात, ७ टक्के म्हणजे ५३. पाकिटावरच्या कार्बच्या आकड्यातही फरक आहे: युरोपात त्यातून फायबर आधीच वजा केलेलं असतं, अमेरिकेत धरलेलं असतं.

रूममेटला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. बेशुद्ध पडलो तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची. युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. तिथल्या डॉक्टरांकडून ग्लुकागॉन (हायपोत शुगर वर आणणारं औषध) लिहून घ्या. नाकात मारायचा स्प्रेही काही देशांत मिळतो आणि घाबरलेल्या रूममेटला तो सुईपेक्षा सोपा पडतो. उलट्या होत असतील, खाल्लं जात नसेल, तरी बेसल थांबवायचं नाही. कीटोन बघा. वाढलेले असतील आणि पोटात पाणीही ठरत नसेल तर थेट हॉस्पिटल.

हिवाळ्यात पेन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेर शून्याखाली असताना सॅकमध्ये ते गोठतं, आणि मीटर थंडीत नुसता एरर दाखवतो. हॉस्टेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथे बर्फ धरतो. दाराच्या कप्प्यात ठेवा.

डॉक्टरांची नोंदणी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात करा, औषध संपत आल्यावर नाही. पहिल्या भेटीला पत्र, गेल्या वर्षभराचे रिपोर्ट, सेन्सरची छापील नोंद आणि वापरात असलेली काडतुसं खोक्यासकट घेऊन जा, म्हणजे तिथला डॉक्टर अंदाजावर काही बदलणार नाही. तिथल्या प्रिस्क्रिप्शनचं इन्सुलिन हातात आलं की लेबलवरची तीव्रता वाचा, मगच फ्रिजमध्ये ठेवा. आणि ठाण्याहून आणलेलं, ज्याची एक्सपायरी जवळची आहे, ते आधी वापरायला काढा.